शेगडीवरचा आकडा आणि दुधातली उष्णता

फ्रान्समध्ये कादाराश इथे उभी राहत असलेली आयटर ही संलयन भट्टी तुम्हाला ठाऊक आहेच. तिच्यात १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे ड्युटेरियमचे अणू सोडून प्लाझ्मा तापवायचा, एकेका यंत्राने १६.५ मेगावॅट, आणि इतक्या ऊर्जेला धन आयन जवळजवळ उदासीन होतच नाहीत म्हणून सुरुवात ऋण आयनांपासून करायची, इथपर्यंतचं आता वर्तमानपत्रांतूनही येऊन गेलंय. मी आज एकच गोष्ट सांगणार आहे, आणि ती दोन-तीनदा सांगणार आहे. या ऋण आयनांच्या स्रोताचं संगणकावर मॉडेल करताना जनरेटरवर दिसणारे किलोवॅट हेच प्लाझ्मात गेलेले किलोवॅट, असं धरून चालू नका.

तुमच्या ओट्यावर इंडक्शनची शेगडी असेल. काचेवर २००० हा आकडा लाल अक्षरांत उजळतो. म्हणून दुधात २००० वॅट गेले का? थोडे आतल्या वेटोळ्यातच खर्च झाले, थोडे इलेक्ट्रॉनिक्स तापवण्यात गेले, म्हणून तर खाली पंखा घोंघावत असतो. आणि पातेलं कोणतं आहे, त्याचं बूड किती सपाट आहे, ते वेटोळ्यापासून किती दूर आहे, यावर उरलेला हिशेब. ॲल्युमिनियमचं साधं पातेलं ठेवलं तर शेगडी नकारच देते.

ऋण आयन स्रोताच्या ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच चालतं. सिरॅमिकच्या किंवा क्वार्ट्झच्या, साधारण २५ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्याभोवती वेटोळं, त्यात १ मेगाहर्ट्झचा प्रवाह, आणि आतला हायड्रोजनचा प्लाझ्मा म्हणजे आपलं पातेलं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की हे पातेलं शेगडीनेच घडवलेलं असतं. शक्ती आत गेली तर प्लाझ्मा घट्ट होतो. घट्ट झाला की त्याची वाहकता बदलते. वाहकता बदलली की आत जाणारी शक्ती बदलते. पातेलं आणि शेगडी एकमेकांना विचारल्याशिवाय काहीच करत नाहीत. अशा वेळी मॉडेलमध्ये ‘शोषलेली शक्ती १०० किलोवॅट’ असा एक स्थिर आकडा घालणं म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं, तेच गृहीत धरणं.

म्युनिकजवळच्या गार्खिंगला, माक्स प्लांकच्या प्लाझ्मा भौतिकी संस्थेत, हा रेडिओलहरींचा स्रोत वाढला. टंगस्टनच्या तारा तापवणाऱ्या जुन्या स्रोतांत तारा झिजतात, बदलाव्या लागतात, आणि किरणोत्सारी झालेल्या यंत्रात हे काम कोण करणार? म्हणून २००७ साली आयटरने रेडिओलहरींचा स्रोत स्वीकारला. त्याच गार्खिंगला ही शक्ती मोजलीही गेली. रीत इतकी सरळ आहे की ती न वापरण्याला सबब नाही. प्लाझ्मा नसताना वेटोळ्यातला प्रवाह आणि शक्ती मोजा, त्यावरून वेटोळं आणि भोवतालच्या धातूचा विद्युतरोध कळतो. मग प्लाझ्मा पेटवा, तेवढ्याच प्रवाहाला किती शक्ती जास्त लागते ते बघा. ती जास्तीची शक्ती प्लाझ्माची. निष्कर्ष असा, की जनरेटरच्या शक्तीतली ढोबळमानाने निम्मीच आत पोहोचते. बाकीची वेटोळ्यात आणि फॅरेडे पडद्यात, म्हणजे नळकांड्याला प्लाझ्मापासून वाचवणाऱ्या तांब्याच्या आवरणात, भोवरी प्रवाहांनी जिरते.

निम्मी! हा दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थळाचा वाद नाही. साध्या हिशेबात इलेक्ट्रॉनांची घनता शोषलेल्या शक्तीच्या प्रमाणात वाढते. शक्ती दुप्पट धरली की घनता दुप्पट येते. मग प्रयोगाशी जुळत नाही म्हणून भिंतीवर अणू किती प्रमाणात परत जुळतात तो गुणांक हलवला जातो, वायूचं तापमान हलवलं जातं, आणि आलेख सुंदर जुळतो. दोन चुका एकमेकींना झाकतात. तरुण मंडळींनो, रागावू नका, पण अशी रंगीत चित्रं मी फार पाहिली आहेत.

आता १ मेगाहर्ट्झचं बघा. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले असेच प्लाझ्मा बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि त्यांची मॉडेल वर्षानुवर्षं पक्की झालेली आहेत. ती उचलून इथे बसवण्याचा मोह होतो. पण वारंवारता साडेतेरापट कमी असताना तेवढंच विद्युतक्षेत्र निर्माण करायचं तर चुंबकीय क्षेत्र साडेतेरापट जास्त हवं. तिकडे लोरेंट्झ बल, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं प्लाझ्मातल्या प्रवाहावरचं बल, दुर्लक्षिलं तर एक वेळ चालतं. इकडे ते बल प्रत्येक चक्रात दोनदा प्लाझ्माला वेटोळ्यापासून आत ढकलतं. म्हणजे पातेलं शेगडीवरून उचललं जातंय, आणि अंतर वाढलं की शक्ती घटते. शिवाय दाब फक्त ०.३ पास्कल, त्यामुळे इलेक्ट्रॉन ड्रायव्हरच्या रुंदीइतकं अंतर टक्कर न होता सहज जातो. जिथे शक्ती मिळाली तिथे तो थांबतच नाही. स्थानिक ओहमचा नियम इथे लंगडा पडतो.

मग एकेक कण सोडून बघू, म्हणजे पार्टिकल-इन-सेल पद्धत. तिचा खर्च ऐका. डिबाय लांबी, म्हणजे ज्या अंतरापलीकडे प्लाझ्मा एखादा विद्युतभार झाकून टाकतो ते अंतर, इथे २५ मायक्रोमीटरच्या आसपास येते. तेवढ्या मापाची घरं आखून २५ सेंटिमीटरचा घन भरायचा तर एक लाख कोटी घरं होतात. काळाचं पाऊल तीनेक पिकोसेकंदांचं, म्हणजे लहरीच्या एका चक्राला तीन लाखांहून जास्त पावलं. पुण्याच्या परम महासंगणकाचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा, पण निव्वळ वेगाने हे गणित सुटत नाही. म्हणून लोक घनता कमी धरतात किंवा निर्वाताचा विद्युतस्थिरांक वाढवून धरतात. धरा, हरकत नाही. पण अशा मॉडेलमध्ये शक्तीचा हिशेब कुठे बसला, ते सांगा. मी परत तिथेच आले. शेगडीच्या काचेवरचा आकडा दुधाचा नव्हे.

हा विषय परदेशातला म्हणून सोडून देऊ नका. आयटरच्या निदानासाठी लागणारा १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा हायड्रोजन किरण भारत देणार आहे, आणि त्याच्याही स्रोताला असेच आठ ड्रायव्हर आहेत. त्याची पूर्वतयारी म्हणून गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत रॉबिन हा एका ड्रायव्हरचा स्रोत चालतो, १ मेगाहर्ट्झ, १०० किलोवॅट. इटलीत पादोव्याला स्पायडर आहे, आठ ड्रायव्हरांचा, २०१८ पासून. आठ शेगड्या शेजारी शेजारी लावल्या की एकीचं क्षेत्र दुसरीत शिरतं, आणि एका ड्रायव्हरचा आकडा आठने गुणून भागत नाही. यावर खरं तर वेगळं भाषण हवं.

चुंबकीय गाळणीबद्दल बोलायचं होतं. ड्रायव्हरमधले दहाएक इलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आयन बाहेर ओढणाऱ्या जाळीपाशी एकाच्या आसपास आणायचे, नाहीतर ते ऋण आयन मोडून टाकतात. पण त्याच गाळणीमुळे प्लाझ्मा एका बाजूला सरकतो, आणि दोन मितींच्या मॉडेलमध्ये ती सरक नीट उतरत नाही, कारण ज्या भिंतीवर ती अडते ती भिंतच तिथे नसते. आणि ऋण आयन जास्त मिळावेत म्हणून स्रोतात सोडलेला सिझियम… तो तासांच्या मापाने बदलतो, पिकोसेकंदांची पावलं टाकणाऱ्या मॉडेलने त्याला गाठायचं कसं, हे राहिलं. वेळ संपल्याची मला खूण झाली आहे.

तेव्हा एवढंच. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चं काम या विषयात करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या पहिल्या तक्त्यात दोन रकाने ठेवावेत, जनरेटरची शक्ती आणि शोषलेली शक्ती, आणि दुसरा रकाना कसा भरला ते खाली लिहावं. मार्गदर्शकांनी तो रकाना रिकामा दिसला तर प्रबंध परत करावा.