मिठागर पडीक नसते

२६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३. एवढा पाऊस पडला तो काँक्रीटमुळे, असे मी म्हणणार नाही. पण पडलेले पाणी कुठे थांबले आणि का थांबले, याचे उत्तर मात्र जमिनीतच शोधावे लागते.

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. या वाटेवर आरेची माळराने आहेत, पुढे विमानतळ आहे आणि शेवटी खाजण होते. त्या खाजणात भराव पडला, तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळापाशी पात्र आवळले गेले. वरच्या अंगाला, आरेत, ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे एका रात्री पडू लागली, तेव्हा चर्चा झाडांच्या संख्येवरच अडली. ती जागा मिठीच्या पाणलोटात आहे, हे फार थोड्यांनी मोठ्याने सांगितले.

आता आपल्या मुलुंडकडे या. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे. भरतीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचे, उन्हाने आटवायचे. आठ महिने हे चाले. पावसाळ्यात मीठ बंद, पण मिठागर बंद नसे. समुद्राला भरती असली की पर्जन्यवाहिन्यांचे तोंड मिटते, शहरातले पाणी बाहेर जाऊ शकत नाही. त्या चार-सहा तासांत हे सखल वाफे पाणी पोटात धरून ठेवतात आणि ओहोटी लागली की सोडतात.

२०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने इथली सुमारे २५६ एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्विकासात धारावीकरांच्या घरांसाठी वापरायचा निर्णय घेतला. धारावीकरांना घर मिळायलाच हवे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण गणित पाहा: २५६ एकरांवर फक्त एक फूट पाणी उभे राहिले, तरी ते एकतीस कोटी लिटरांहून अधिक होते. दहा हजार लिटरचे एकतीस हजार टँकर! भराव टाकल्यावर हे पाणी कुणाच्या तरी तळमजल्यावर जाणार. बहुधा नव्याने वसवलेल्यांच्याच शेजारी.

आणि गोष्ट पाण्यापुरती नाही. ओल्या जमिनीवरून बाष्प उठते, त्यात उष्णता खर्च होते. काँक्रीट दिवसभर ऊन साठवते आणि रात्री परत देते. म्हणून भर वस्तीत मध्यरात्रीही भिंती गरम लागतात. मिठागरांच्या कडेला असलेल्या तिवरांच्या चिखलात शतकानुशतके कुजलेली पाने, मुळे गाडली गेली आहेत; तो चिखल उपसला, सुकवला की त्यातला कार्बन हवेत जातो. तिवरांच्या मुळांत कोळंबी-चिंबोऱ्यांची पिल्ले वाढतात, त्यांवर खाडीकाठच्या कोळ्यांची चूल चालते. ठाणे खाडीत २०१५मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले, पण पक्ष्यांना अभयारण्याची हद्द कळत नाही. भरतीच्या वेळी ते बसायला लगतच्या मिठागरांवर येतात.

जमिनीचे आरक्षण बदलताना हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या वेळी आपण प्रत्येकाने एकच प्रश्न लेखी विचारावा: ही जमीन भरतीच्या वेळी किती पाणी धरते, आणि उद्या ते कुठे धरणार? उत्तर लिटरांत मागा, नकाशासह मागा.