खतरा, खात्री आणि साकडे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



विघ्नहर्त्याच्या मंडपात बोलायचे, म्हणून विषयही तसाच निवडला आहे: धोका. घाबरू नका, मी धोक्याबद्दल नाही, धोका या शब्दाबद्दल बोलणार आहे. आणि त्याच्या भावंडांबद्दल.

पुण्याला किंवा नाशिकला विजेच्या डीपीवर कवटी आणि दोन हाडे काढलेली असतात आणि खाली लिहिलेले असते 'धोका'. आपल्या इंदुरात त्याच कवटीखाली 'खतरा' असते. बेळगावच्या आपल्या मंडळींना कानडीत 'अपाय' वाचावे लागते आणि हैदराबादकरांना तेलुगूत 'प्रमादम्'. गंमत अशी की हे सगळे शब्द मराठीत आहेत, पण त्या पाटीवर लावले तर भलताच अर्थ होईल. अपाय आपल्याकडे तब्येतीला होतो, थंड पाणी प्यायल्याने. प्रमाद म्हणजे हातून घडलेली चूक. तारेला हात लावणे हा प्रमाद खराच, पण पाटी तसे म्हणत नसते! आणि आपल्या पाटीवरचा 'धोका' एखाद्या हिंदी भाषकाने वाचला तर तो विचारील, 'किसने दिया?'

दोन भाषांच्या उंबऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नवे नाही. पण कधी कधी प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखे राहत नाही. माझी मावशी साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. इथेच तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. संमतीपत्र हिंदीत होते आणि त्यात ओळ होती, मुझे कोई आपत्ति नहीं है. मावशीने चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि पेन खाली ठेवले. म्हणाली, "आपत्ती नाही असं मी कसं लिहून देऊ रे? ते काय माझ्या हातात आहे?" समजावून सांगायला दहा मिनिटे लागली. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की तिची अडचण आधी कुणाच्या लक्षातच आली नाही. मूळ संस्कृत धातू पद्, म्हणजे पडणे, जाणे. आपत्ती म्हणजे अंगावर येऊन पडते ते. हिंदीने तो शब्द कचेरीत नेला, मराठीने पूर-भूकंपासाठी राखून ठेवला. 2005 सालच्या कायद्याला मराठीत आपण आपत्ती व्यवस्थापन कायदा म्हणतो, हिंदीत तिथे 'आपदा' आहे. उलट, मराठीतली हरकत मूळची अरबी. तिचा अर्थ हालचाल. हिंदीत तिचा अर्थ झाला चाळे. तेव्हा 'काही हरकत नाही' हे आपले सभ्य वाक्य शेजाऱ्याच्या कानाला कसे लागत असेल, याचा विचार करून पाहा.

आता 'खतरा'. हाही अरबी, फारसीमार्गे आलेला. अरबीत 'खतर' म्हणजे धोका, पण पैजेला लावलेली रक्कम हाही त्याचा जुना अर्थ आहे, आणि थोरवी हाही. ज्यात काही मोलाचे पणाला लागले आहे, ते खतर. त्याच धातूवरून अरबीत 'खातिर' शब्द झाला. खातिर म्हणजे मनात येणारे, मन. तो मराठीत आला आणि आपला होऊन बसला: देशाखातर, पाहुण्यांची खातरदारी, खातरजमा. मन जमा झाले, म्हणजे ठिकाणावर आले, की खातरजमा झाली. आणि शेवटी खात्री. म्हणजे पाहा, खतरा आणि खात्री एकाच घरातले! मला स्वतःला या विषयातली ही सर्वांत आवडती जागा वाटते. हल्ली पुण्या-मुंबईची पोरे एखादी गोष्ट फार आवडली की 'खत्रा' म्हणतात, तेव्हा वडीलधारे नाक मुरडतात. मी मुरडत नाही. थोरवीचा तो जुना अर्थ पोरांना ठाऊक नसताना परत आला, एवढेच.

संकट मात्र अस्सल संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ धोका नव्हेच. संकट म्हणजे अरुंद, चिंचोळे, गर्दीचे. दोन डोंगरांमधली अडचणीची वाट म्हणजे संकट. तिथे सापडले की पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही, म्हणून पुढे त्याचा अर्थ झाला विपत्ती. मराठीत या शब्दाची घासून गुळगुळीत झालेली रूपे म्हणजे सांकड, सांकडे. आषाढीला 'पावसासाठी विठ्ठलाला साकडे' असा मथळा दरवर्षी वर्तमानपत्रात येतो, तेच हे साकडे. अरुंद जागेत अडकलेल्याने घातलेली हाक. आणि आपल्या सराफ्यातल्या ज्या गल्लीला आपण 'सँकरी गली' म्हणतो, ती सँकरीही याच कुळातली. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तिथे स्कूटर घेऊन शिरलेल्याला संकटाची व्युत्पत्ती वेगळी शिकवावी लागत नाही.

विघ्नाचे तसे नाही. विघ्नात हन् धातू आहे, आघात करणारा. चाललेले काम मध्येच मोडते, ते विघ्न. आपण रोज म्हणतो त्या 'सुखकर्ता'च्या आरतीत पहिल्या ओळीत विघ्न येते आणि शेवटच्या कडव्यात संकट. एक कामावरचा घाला, दुसरी कोंडी. आजवर हे लक्षात आले नसेल तर आज म्हणताना बघा.

'बाका प्रसंग' आणि वृंदावनचे बाँके बिहारी, दोघांतला बाक म्हणजे वाकडेपणा एकच. एकीकडे तो अडचण झाला, दुसरीकडे रुबाब. गंडांतर ज्योतिषातून आले. रेवती-अश्विनी, आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ या नक्षत्रांच्या सांध्याला गंडांत म्हणतात. आता ते नोकऱ्यांवर आणि मराठी शाळांवर येते.

जोखीम या शब्दावर मात्र थोडे थांबतो, कारण तो आपल्या बडोद्याच्या आणि व्यापारी पेठांमधल्या मंडळींचा. जुन्या घरांत 'अंगावर जोखीम आहे, रात्रीचा प्रवास नको' असे म्हणत. तिथे जोखीम म्हणजे दागिने! धोका आणि ज्याला धोका आहे ती चीजवस्तू, दोन्हींना एकच शब्द. पेढ्यांवर 'जोखमी हुंडी' चालत असे. गलबतावर माल चढवणारा व्यापारी ती घेणाऱ्यावर काढी आणि सावकाराला विकून पैसे घेई. माल सुखरूप बंदराला लागला तर सावकाराला हुंडीचे पैसे मिळत. गलबत बुडाले तर त्याचे पैसेही बुडाले. म्हणून तो हुंडी घेताना त्या जोखमीची किंमत लावून घेई. विमाच तो. जोखीम अशी डोळे उघडे ठेवून, हिशेब करून घ्यायची असते. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटी घाईघाईने 'बाजारातील जोखीम' म्हणतात, ते याच अर्थाने.

धोका तसा नाही, तो दिसत नाही. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक, 'धोखे से' म्हणजे चुकून, आणि शेतातल्या बुजगावण्यालाही धोखा म्हणतात. आहे एक, दिसते दुसरेच. मराठीतही 'धोका दिला' आहेच. इंदुरात वाढलेल्या मुलांच्या तोंडी हाच अर्थ आधी येतो म्हणून त्यांची मराठी बिघडली, असे मला वाटत नाही. काळजी निराळी आहे. दवाखान्यातून पुण्याचे नातेवाईक फोनवर 'जिवाला धोका आहे' म्हणतात, तेव्हा इथल्या नातवाला त्याचे गांभीर्य त्या क्षणी कळायला हवे. आणि पोलीस असल्याची बतावणी करून कुणी 'डिजिटल अटक' झाली म्हणून फोनवर घाबरवू लागला, तर आजोबांना शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम आठवायला हवेत. कायद्यात अशी अटकच नाही. घाबरवणारा जो धोका सांगतो तो खोटा असतो, आणि तो सांगणे हाच धोका असतो.

तुमच्या घरांत असे आणखी शब्द असतील. ग्वाल्हेरच्या माहेरवाशिणींकडे तर नक्कीच. प्रसाद घेताना मला गाठून सांगा, मी वही आणली आहे.