पेन्सिल खाली ठेवून

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात 'आवडीनं काय वाचलं?' या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात बोलशील का, असं मला विचारलं तेव्हा मी आधी म्हटलं, विषय कोणता? तर म्हणे विषय नाही, नुसतं आवडीनं काय वाचलंस ते सांग. मी अडखळलेच. इतक्या वर्षांत वाचलं पुष्कळ, पण ते शिबिरासाठी, पत्रकासाठी. कादंबरी हातात आली तरी दुसऱ्या हातात पेन्सिल असायची.

मध्यंतरी केंद्राच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून ते रिकामं केलं. त्यातल्या तीन कादंबऱ्या घरी नेल्या. ठरवलं, या खेपेला खुणा करायच्या नाहीत.

पहिली, शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर'. १९९० साली आली तेव्हा मी ती वाचली होती. समासात माझंच अक्षर सापडलं: 'विवाहित पुरुषाशी संबंध – चर्चेला घेणे.' आणि खाली, 'नायिका परावलंबी?' मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. परावलंबी कोण? आईवडिलांचा इंग्रजी थाट, आणि घर चालवायचं ते थोरल्या रीटानं, बहिणींचं बघायचं तेही तिनंच. अवघं घर जिच्या पगारावर उभं, ती एक दिवस मनानं कोसळते आणि रुग्णालयात जाते. मला मात्र तेव्हा तिचा साळवी तेवढा दिसला होता.

त्याच सुमारास आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. सात वर्षं एका लग्न झालेल्या माणसाबरोबर होती. आता त्यानं पाठ फिरवली होती. आमच्या फॉर्मवर पहिला रकाना नवऱ्याचं नाव, दुसरा लग्नाची तारीख. माझं पेन तिथंच अडलं. मी तिला विचारलं, "त्याच्या बायकोचा विचार केला होतास का?" प्रश्न चुकीचा नव्हता, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. पण तो पहिला प्रश्न होता. ती पदर सावरून उठली, पुन्हा आली नाही. ती कमावती होती का, घरी कोण होतं, रात्री झोप लागते का, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं.

कादंबरीत रीटाला सरस्वती नावाची मैत्रीण आहे. तिलाही साळवी फारसा रुचत नाही, पण ती रीटाच्या बाजूला येऊन बसते. पहिल्या वाचनात सरस्वतीच्या पानांवर माझी एकही खूण नाही! चर्चेला घेण्यासारखं त्यात काही नव्हतं ना.

दुसरी कविता महाजन यांची 'ब्र', २००५ सालची. महिला सरपंचांच्या प्रशिक्षणासाठी आपण तिची पानं झेरॉक्स करून वाटली होती, आठवतं? सगळी आदिवासी भागातल्या बायांची पानं. नवऱ्याचं घर सुटलेली, संस्थेच्या कामाला लागलेली प्रफुल्ला आम्ही गाळली होती. आता सलग वाचताना तीच मनात राहिली. दुसऱ्यांची दुःखं वहीत टिपत गावोगाव हिंडायचं, आणि स्वतःबद्दल ब्र काढायला मात्र वेळ लागायचा. इथं बसलेल्या कितीजणींना हे ओळखीचं वाटेल, हात वर करायला सांगत नाही.

तिसरी गौरी देशपांडे यांची, 'दुस्तर हा घाट आणि थांग'. यावर आमच्या गटात कडाक्याचं भांडण झालं होतं. एकजण म्हणाली, "या बायका विमानानं फिरतात, पण यांच्या घरची भांडी घासतं कोण?" मलाही ते पटलं होतं, अजूनही थोडं पटतं. तरी या वेळी मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. प्रेम हवं आणि आपलं आपण राहणंही हवं, असा हट्ट धरणारी बाई वाचायला मला फार आवडली. हे गटात बोलायची तेव्हा चोरी होती.

तिन्ही पुस्तकं आज परत आणली आहेत. 'ब्र'ची काही पानं झेरॉक्सच्या मशीनवर दाबून दाबून सुटली आहेत, तेव्हा जपून हाताळा. 'रीटा'मधली माझी टीप पुसलेली नाही. कुणाला न्यायची असतील तर वहीत नाव आणि तारीख लिहा.