आपल्या समुद्राचा रंग
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला समुद्र आणि चित्रकला यावर बोलायला सांगितले. आपण सगळे वसईचे, तेव्हा विषय घरचाच आहे.

चित्रकला स्पर्धेत मुलांना समुद्र काढायला सांगा, निळा रंग आधी संपतो. पण अर्नाळा, राजोडी, भुईगाव, पाचूबंदर, कुठेही उभे राहा. आपला समुद्र मातकट दिसतो. उत्तरेकडून वैतरणा आणि दक्षिणेकडून वसईची खाडी गाळ आणते. हा गाळ म्हणजे घाण नव्हे. त्यावर तिवरे उभी राहतात, तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि अशाच गढूळ पाण्यात आपला बोंबील मिळतो. सरसकट निळा रंग फासला की हे सगळे चित्रातून पुसले जाते. आणि जे कुणाला सुंदर वाटत नाही, त्यावर भराव पडताना कुणाला हळहळही वाटत नाही. म्हणून चित्रकाराचे पहिले काम, चिखलातले सौंदर्य दाखवणे.

ते कसे करावे, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे आठवा. निळ्याचा ठिपका नाही. फक्त पांढरी रेघ. बारीक विणीचे जाळे चित्रभर पसरलेले आणि माणूस त्यापुढे एवढासा. ती वीण डोळ्यांना सुखावते. पण खऱ्या जाळ्याची वीण किती बारीक, यावरच पिल्लू सुटणार की अडकणार हे ठरते. सौंदर्य आणि धोका, दोन्ही एकाच रेघेत.

2023 मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. बाजारात टोपलीपुढे हा आकडा कुणाला आठवतो? चित्र मात्र आठवते.

म्हणून एक विनंती. शाळेच्या एका भिंतीवर मुलांकडून आपले मासे खऱ्या मापात काढून घेऊया. प्रत्येक मूल त्यावर हात ठेवून मोजेल, आणि घरी जाऊन आईला सांगेल, हा अजून लहान आहे, घेऊ नकोस.

सर, बाई, भिंत तेवढी तुम्ही द्या. रंग आम्ही आणतो. निळा थोडाच लागेल.