एका डोलकाठीवर सगळ्यांची सोय

 

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, याचा आणि आपल्या गटाचा काय संबंध? विषय आहे नौदलाच्या जहाजावरच्या अँटेनांचा. हा विषय तुमच्यातूनच आला आहे. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाचा कार्यक्रम सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी तो बघायला गेल्या होत्या. लढाऊ जहाजं बघून आल्यावर बैठकीत एका मावशींनी विचारलं, "इतक्यो काठ्यो कित्याक गे त्या बोटीवर?" तेव्हा आम्हाला नीट सांगता आलं नव्हतं. मग आम्ही वाचलं, विचारलं, समजून घेतलं. समजलं ते असं, की तिथे नौदलाचे लोक जो प्रश्न सोडवताहेत, तोच आपल्या गटांपुढेही आहे. एकच साधन अनेकांनी मिळून कसं वापरायचं, हा तो प्रश्न.

आधी त्या काठ्यांचं बघू. तुम्ही आत्ता आमचा आवाज ऐकताय तो एका अँटेनामुळे. आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओ केंद्राला १०० वॅटपर्यंत प्रसारणशक्ती आणि ३० मीटरपर्यंत उंचीचा मनोरा वापरायची परवानगी असते. आवाजाची वीज होते, विजेच्या लहरी होतात आणि अँटेना त्या लहरी हवेत सोडतो. तुमच्या घरच्या रेडिओचा अँटेना त्या पकडतो. अँटेना म्हणजे रेडिओचं तोंडही आणि कानही.

आता, सगळ्या रेडिओ लहरी सारख्या लांबीच्या नसतात. आपल्या एफएमची एक लहर साधारण ३ मीटर लांब असते. बोटीवरून फार लांब, शेकडो-हजारो किलोमीटरवर बोलायचं तर १० ते १०० मीटर लांबीच्या लहरी वापरतात. त्या आभाळातल्या उंच थरावरून परतून पुन्हा जमिनीकडे येतात. उपग्रहाशी बोलायचं तर लहर काही सेंटीमीटरचीच असते. जशी लहर, तसा अँटेना. सुरमईच्या जाळ्यात पेडवे राहत नाहीत, तसंच हे. म्हणून जहाजावर लांबच्या बोलण्यासाठी एक, जवळच्या जहाजासाठी दुसरा, विमानासाठी तिसरा, उपग्रहासाठी चौथा, रडारचे वेगळे आणि शत्रूच्या रडारची चाहूल घेणारे आणखी वेगळे, असे अँटेना वाढत जातात. अमेरिकेच्या नौदलात १९८० च्या दशकातल्या जहाजांच्या मानाने १९९० च्या दशकातल्या जहाजांवर अँटेनांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली होती.

संख्या वाढली तर बिघडलं काय? तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, वजन. डोक्यावर एक हंडा घेऊन चालणं आणि हंड्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन चालणं यातला फरक आपल्याला कोणी सांगायला नको. जहाजाच्या डोलकाठीवर जितकं वजन जास्त, तितकं ते लाटेवर जास्त कलतं.

दुसरी, लपणं. रडार लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींवरून समोरची वस्तू ओळखतं. जहाजावर जितक्या काठ्या, थाळ्या आणि कोपरे बाहेर आलेले, तितक्या लहरी परततात आणि जहाज लांबूनही दिसतं. लढाऊ जहाजाला ते परवडत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एकमेकांच्या बोलण्यात येणारा अडथळा. आपले घरचे मासेमारीला जातात तेव्हा बोटीवर वायरलेस असतो. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. बटण दाबलेलं असताना समोरच्याचं ऐकू येत नाही. जहाजावर तर असे अनेक संच एकाच वेळी चालू असतात, तेही एकमेकांपासून काही हातांवर. एक मोठ्याने बोलत असतो तेव्हा शेजारचा हलक्या आवाजातलं ऐकायचा प्रयत्न करत असतो. लग्नघरात लाऊडस्पीकरच्या शेजारी बसून फोनवर बोलण्यासारखं ते आहे.

यातून किती मोठं नुकसान होऊ शकतं ते एका घटनेवरून सांगतो. १९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं. ४ मे १९८२ या दिवशी ब्रिटनच्या 'शेफिल्ड' नावाच्या जहाजावर अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं. २० माणसं गेली. जहाज पेटलं आणि पुढे ओढून नेत असताना १० मे रोजी बुडालं. त्या दिवशी जवळच असलेल्या 'ग्लासगो' या जहाजाने येणारा धोका ओळखला होता. शेफिल्डवरही शत्रूच्या रडारची चाहूल घेणारं यंत्र होतं. पण त्याच वेळी शेफिल्डवरून उपग्रहामार्फत संदेश पाठवणं चालू होतं आणि त्या लहरींमुळे हे ऐकणारं यंत्र बहिरं झालं होतं, असं या घटनेच्या अनेक अभ्यासांत नोंदलेलं आहे. चौकशीत इतरही कारणं निघाली, माणसांच्या हलगर्जीपणाचीही. एकट्या अँटेनावर सगळं ढकलता येणार नाही. पण बोलणारं आणि ऐकणारं यंत्र एकाच छपराखाली ठेवायचं तर दोघांचा मेळ आधी घालावा लागतो, हा धडा जगभरच्या नौदलांनी घेतला.

मग उपाय काय काढले? सोपा आणि जुना उपाय असा, की अनेक वायरलेस संचांनी एकच अँटेना वापरायचा. प्रत्येक संच आणि अँटेना यांच्या मध्ये एक गाळणी बसवायची. ती गाळणी फक्त त्या संचाच्या लहरी जाऊ देते, बाकीच्यांच्या अडवते. त्यामुळे एका अँटेनावर अनेकांचं काम चालतं आणि कोणाचं कोणात मिसळत नाही.

नवा उपाय आणखी पुढचा आहे. मोठ्या थाळीऐवजी एक सपाट फळी, आणि तिच्यावर शेकडो, कधी हजारो छोटे अँटेना. फळी हलत नाही, पण तिच्यातून निघणारा झोत हवा तिकडे वळवता येतो. कसा, ते रापणीवरून समजून घेऊ. रापण ओढताना दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकदम ओढ दिली तर जाळं सरळ येतं. एका बाजूने जरा आधी ओढ दिली की जाळं तिरकं होतं. या फळीवरच्या छोट्या अँटेनांनाही असंच किंचित मागेपुढे बोलायला लावतात, म्हणजे सगळ्यांची मिळून झालेली लहर तिरकी निघते. संगणक हे क्षणाक्षणाला बदलतो. मग याच फळीचा काही भाग संदेश पाठवायला, काही भाग रडारला, अशी वाटणीही करता येते. अमेरिकेच्या नौदल संशोधकांनी मेरीलँड राज्यातल्या चेसापीक उपसागराच्या काठावर असा प्रयोग उभा केला. त्यात रडार, संदेशवहन आणि शत्रूच्या लहरी ओळखणं ही कामं सामायिक फळ्यांवरून करून दाखवली. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम केली. बोलणारी फळी वेगळी ठेवली आणि ऐकणारी वेगळी.

आता आपल्या देशाकडे येऊ. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टोकियोत भारत आणि जपान यांच्यात एक करार झाला. 'युनिकॉर्न' नावाची डोलकाठी भारतीय नौदलाच्या जहाजांसाठी मिळून विकसित करायचा हा करार आहे. जपानच्या 'मोगामी' जातीच्या लढाऊ जहाजांवर ही डोलकाठी बसवलेली आहे. वेगवेगळ्या कामांचे अँटेना बाहेर पसरून न ठेवता एका उभ्या, गुळगुळीत आवरणात घातलेले असतात. लांबून बघितलं तर कपाळावर एकच शिंग असावं तसं दिसतं. भारतात हे काम भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी जपानच्या सहकार्याने करणार आहे. हे प्रत्यक्षात आलं तर दोन्ही देशांनी संरक्षण साहित्य मिळून बनवण्याची ती पहिलीच वेळ असेल, असं आपल्या संरक्षण मंत्रालयाने म्हटलं आहे.

आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत लढाऊ जहाजं बांधली जातात. 'विशाखापट्टणम' आणि 'मुरगाव' ही अलीकडची जहाजं तिथेच तयार झाली आणि २०२१ व २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. कोकणातली किती घरं मुंबईच्या गोदीवर आणि नौदलावर चालली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. आता मुलीही तिथे जाताहेत. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून अग्निवीरांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. आपल्या घरात दहावी-बारावीची मुलगी असेल आणि तिला विज्ञानाची, यंत्रांची आवड असेल, तर आयटीआय किंवा डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेण्याचा विचार जरूर करा. हे काम मुलींचं नाही असं आता कोणी म्हणू नये, आपण तर नाहीच नाही.

आता आपल्या गटांचं बोलू. आपल्या भागात सध्या तीन-तीन गट मिळून एक यंत्र घ्यायचं चाललंय. कुठे मसाल्याचं कांडप यंत्र, कुठे काजू फोडायचं. एकट्या गटाला कर्ज झेपत नाही, म्हणून सामायिक. विचार चांगलाच आहे. पण भांडणं इथेच होतात. एप्रिल-मे महिन्यात सगळ्यांच्या मिरच्या एकदम वाळतात आणि यंत्र एकच. मग कोणाचा नंबर आधी? एका गावात यावरून दोन गटांचं बोलणं बंद झालं आणि कर्जाचे हप्ते थकले. हप्ते थकले तर पुढचं कर्ज तीनही गटांना मिळत नाही, ही लक्षात ठेवायची गोष्ट.

जहाजावरच्या व्यवस्थेत चार नियम दिसतात. ते आपल्यालाही लागू पडतात.

एक, पाळी आधीच ठरलेली असते. संकटाचा संदेश सगळ्यांच्या पुढे, रोजचा निरोप त्याच्या मागे. गर्दी झाल्यावर ठरवत बसत नाहीत. आपणही हंगामाच्या आधी, बैठकीत, वहीत लिहून पाळी ठरवायची. ऑर्डर हातात असलेल्या गटाला आधी द्यायचं की नाही, तेही तेव्हाच.

दोन, एकाच्या कामाने दुसऱ्याचं काम बुडता कामा नये. मिरची कांडली की यंत्र साफ करूनच हळदीला द्यायचं. प्रत्येक गटाचं सामान, वजन आणि हिशोब वेगळा. ही आपली गाळणी.

तीन, ऐकण्याची जागा राखून ठेवायची. ज्यांचा आवाज मोठा त्याच बैठकीत बोलतात आणि कोपऱ्यातल्या बाईची अडचण कळतच नाही. तिचं ऐकायला वेळ वेगळा काढा. धोक्याची पहिली चाहूल बहुतेकदा तिलाच लागलेली असते.

चार, सगळं एकावरच टांगू नये. फळीवरचे थोडे अँटेना बिघडले तरी बाकीचे काम चालवतात. पण वीजपुरवठा एकच असेल आणि तो तुटला तर सगळंच बंद. म्हणून जहाजावर काही साधनं जोडीला वेगळी ठेवतात. आपणही दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढायचे, यंत्र चालवायला निदान दोघींना शिकवायचं आणि घरची व्हायन-मुसळ लगेच विकून टाकायची नाही.

मैत्रिणींनो, सामायिक म्हणजे कोणाचंच नाही, असं आपल्याकडे होतं. सामायिक म्हणजे सगळ्यांचं, आणि म्हणून सगळ्यांनी नियम पाळायचं, असं व्हायला हवं. येत्या बैठकीत यंत्राचा विषय असेल तर हे चार मुद्दे सचिवांना मोठ्याने वाचायला सांगा. तुमच्या गावाला पाचवा नियम लागत असेल तर तोही वहीत लिहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तो याच कार्यक्रमात वाचून दाखवू.