सोय कुणाची, सही कुणाची?

मैत्रिणींनो, ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हटलं की आपल्यातल्या निम्म्याजणी म्हणतात, “म्हणजे वृद्धाश्रमच ना!” इथे आपली खोली, आपलं कुलूप असतं, आंघोळीला, औषधाला, रात्री उठायला मदतीचं माणूस असतं. हा फायदा मी कमी लेखत नाही. एरवी ही शुश्रूषा सुनेच्या नाहीतर नोकरी सोडून आलेल्या लेकीच्याच गळ्यात पडते.

पण अनामत रक्कम, दरमहाचा खर्च कोण भरणार? जन्मभर बिनपगारी राबलेल्या बाईच्या नावावर सहसा घरही नसतं. मग ठरवतो मुलगा, सहीही त्याचीच. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्याप्रमाणे राज्य सरकार जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी वृद्धाश्रम काढू ‘शकतं’. या ‘शकतं’वर आपण भांडायला हवं. त्यातलं कलम 23 मात्र कामाचं: सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीस दिलं आणि सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अट कागदावर लिहून घ्या.

जागा बघायला जाल तेव्हा अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार की घरी धाडणार, हे करारात वाचा. आणि रात्रपाळीला आयाबाई किती, त्यांना पगार नि सुट्टी किती, तेही विचारा.