कडब्याचा भाव



धान्याच्या भावाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. ज्वारी काय दराने गेली, तूर किती चढली, कांदा कोणी रडविला, हे सारे वर्तमानपत्रांत छापून येते आणि विधिमंडळात त्यावर वादही झडतात. परंतु ज्या ताटाने ती ज्वारी डोक्यावर धरली, त्या ताटाचे पुढे काय होते, ते कोण विकते, कोण घेते आणि त्याचा भाव कसा ठरतो, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. दुष्काळ पडला म्हणजे मात्र चारा हा शब्द एकाएकी सर्वांच्या तोंडी येतो. पाऊस पडला की तो पुन्हा विसरला जातो.

चाऱ्याची नावेही प्रांतोप्रांती निराळी. कोकणात भाताचा पेंढा, त्याची घराशेजारी रचलेली उडवी. पूर्व विदर्भात त्याच पेंढ्याला तणस म्हणतात. वऱ्हाडात सोयाबीन-हरभऱ्याचे कुटार. दिल्ली-पंजाबकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी गव्हाची तूडी पाहिली असेल. पण सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद — म्हणजे आताचे धाराशिव — या अवर्षणाच्या पट्ट्यात चारा म्हणजे प्रामुख्याने रब्बी ज्वारीचा कडबा, आणि आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः त्याविषयीच.

कडबा विकला जातो तो पेंढीवर, आणि त्याचा भाव सांगितला जातो तो शेकड्यावर. ‘शेकडा काय दराने दिला?’ असा प्रश्न असतो. आपल्या देशात वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. शेर गेला, पायली गेली, मण गेला; बाजारात किलो आणि क्विंटल आले. पेंढी मात्र जागची हलली नाही. तिला काटा लागला नाही, की तिच्यावर शिक्का उमटला नाही.

पेंढी म्हणजे किती? याचे उत्तर बांधणाराच्या हातात आहे. ज्वारी उपटून किंवा कापून रानात आडवी टाकतात. ती वाळली म्हणजे पेंढ्या बांधून कणसे खुडतात. बांधण्याचे काम बहुधा पहाटे, दव असताना करतात. दवाने पाला मऊ राहतो आणि झडत नाही. उन्हे वर आल्यावर बांधलेल्या पेंढीचा पाला हातातच चुरतो आणि मागे उरतात ती नुसती ताटे. जनावर आधी पाला खाते, हे घेणाऱ्यास पक्के ठाऊक असते. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक पेंढी उचलून पाहतोच. पण ती उचलल्यावर खाली किती पाला पडला, हेही पाहतो.

आता एक साधा हिशेब करू. समजा, एका शेतकऱ्याची पेंढी दोन किलोची आहे आणि तो शेकडा दोन हजार रुपये सांगतो. दुसऱ्याची पेंढी सव्वा किलोची आहे आणि तो पंधराशेच सांगतो. कानाला दुसरा स्वस्त वाटतो. पण पहिल्याच्या दोनशे किलोंना दोन हजार पडले, म्हणजे किलोला दहा रुपये. दुसऱ्याच्या एकशेपंचवीस किलोंना पंधराशे, म्हणजे किलोला बारा. ज्याने पेंढी भरदार बांधली तो महागडा म्हणून नावाजला जातो आणि ज्याने बारीक बांधली त्याचा माल आधी खपतो. मुरलेला व्यापारी या फसवणुकीत सापडत नाही. तो चार पेंढ्या चार ठिकाणच्या उपसून हाताने तोलतो आणि मनातल्या मनात किलोचा भाव काढतो. जी बाई दोन शेळ्या व एक गाय राखते आणि पंचवीस पेंढ्या घ्यावयास येते, ती कोठून काढणार? मोजणीच्या या रीतीत नुकसान होते ते नेहमी लहान गिऱ्हाइकाचे आणि सरळ विक्रेत्याचे.

वजनानंतर प्रश्न येतो गुणाचा. तेथे मात्र आमचा शेतकरी कोणत्याही प्रयोगशाळेस हार जाणारा नाही. तो रंग पाहतो. पांढरट, किंचित हिरवी झाक असलेला कडबा चांगला, अवकाळी पावसाने भिजून काळवंडलेला वाईट. तो कांडे मोडून पाहतो. खडखड्या रोगाने आतून पोकळ झालेले ताट चटकन् मोडते. वास घेतो, बुरशीचा दर्प येतो का ते पाहतो. क्वचित् कांडे चावूनही बघतो, कारण मालदांडीचे ताट गोड असते आणि गोड ताट जनावर मागे ठेवीत नाही. या परीक्षेला शास्त्राचा आधार नाही असे समजू नये. हैदराबादच्या कडबा व्यापाऱ्यांकडून २००४-०५ मध्ये वर्षभर नमुने घेऊन संशोधकांनी ते तपासले. सर्वांत हलक्या आणि सर्वांत उंची कडब्याच्या पचनीयतेत अंतर होते अवघे पाच टक्क्यांचे, सुमारे सत्तेचाळीस आणि बावन्न इतके. परंतु त्यांच्या भावात जवळजवळ पाव हिश्श्याचा फरक होता. व्यापाऱ्यांजवळ पचनीयता मोजण्याचे यंत्र नव्हते. डोळा, हात आणि जीभ एवढ्यावरच त्यांनी तो भाव लावलेला होता.

हीच गोष्ट आपल्या कृषिखात्यास एके काळी कष्टाने शिकावी लागली. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. दाणा भरपूर, पण ताट बुटके. दाण्याच्या हिशेबाने पाहणारास नव्या वाणाकडे पाठ फिरविणारा शेतकरी अडाणी वाटला. त्या शेतकऱ्याचा हिशेब दोन खात्यांचा होता, एक खाते घरच्या माणसांचे आणि दुसरे गोठ्याचे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण त्याच्याही कितीतरी आधीचे. तरी रब्बीत ते आजतागायत टिकून आहे. त्याची भाकरी चांगली होते हे खरेच. पण त्याचा कडबा बाजारात अडून राहत नाही, हेही तितकेच खरे. १९७० च्या सुमारास एक किलो ज्वारीच्या किमतीत साधारण सहा किलो कडबा येई. १९९० च्या सुमारास तो तीन किलोंवर आला. म्हणजे वीस वर्षांत दाण्याच्या तुलनेने कडबा दुपटीने महागला. वाईट वर्षी तर दाणा नावापुरता आणि पीक कडब्यासाठीच, अशीही गत होते.

सौदा कसा होतो, तेही थोडे सांगतो. कडब्याला धान्यासारखी मोठी पेठ क्वचितच असते. काही गावांच्या आठवडे बाजारात गाड्या येऊन उभ्या राहतात, पण बराचसा व्यवहार शेतावर, गंजीपाशीच होतो. गिऱ्हाईक येते, गंज पाहते, भाव तुटतो, विसार दिला जातो आणि अमुक दिवसांत माल उचलावयाचा असे ठरते. मधल्या काळात अवकाळी पाऊस आला तर भिजलेला माल कोणाचा? लेखी काही नसते. घेणारा म्हणतो, माल तुझ्या रानात होता. देणारा म्हणतो, विसार घेतला तेव्हाच तो तुझा झाला. अशा वेळी गावातील एखादा वयस्क मनुष्य मध्ये पडून भाव थोडा उतरवितो आणि प्रकरण मिटते. मोजणीही पाहण्यासारखी असते. गाडीवरचा एक जण झेलतो, खालचा फेकतो, आणि तिसरा पाच-पाचांच्या हिशेबाने मोठ्याने आकडा पुकारतो. भरलेला ट्रक डोंगराएवढा दिसतो, पण वजनाने हलकाच असतो. कडब्याचे भाडे पडते ते वजनाचे नव्हे, जागेचे. म्हणून पन्नास कोसांवरचा कडबा गावात स्वस्त आणि शहरात महाग, आणि मधले अंतर ट्रकवाल्याच्या खिशात, असे दिसते. कुट्टी करून पोती भरली तर जागा वाचते. मात्र कुट्टीत कोणता माल मिसळला हे घेणाऱ्यास ओळखता येत नाही.

साखर कारखान्यांच्या भागात याच व्यवहाराचे निराळे रूप दिसते. तेथे उसाचे शेंड्याकडील वाढे विकले जाते आणि ते विकतात ऊसतोडीच्या टोळ्या. रस्त्याच्या कडेला वाढ्याच्या मोळ्या मांडून बसलेल्या स्त्रिया आपण पाहिल्या असतील. तोडीच्या मजुरीवर उचल आधीच फिटवून घेतलेली असते. रोजचा तेल-मिठाचा खर्च निघतो तो या मोळ्यांवर. हिरव्या मक्याचा आणि लसूणघासाचा सौदा बऱ्याचदा उभ्या पिकावर, गुंठ्याच्या हिशेबाने होतो. अलीकडे मुरघास निघाला आहे. तो मात्र किलोवर विकला जातो, कारण त्याचे गिऱ्हाईक दुधाचा धंदा करणारे आहे आणि दुधाचा हिशेब लिटरवर चालतो.

चाऱ्याच्या मापावरून आपल्या इतिहासात रक्तही सांडले आहे. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील कुरणांतून जात असे आणि ते कापीत वारली मजूर. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी मागणी केली, ती पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत अशी. पाचशे पौंड म्हणजे आजच्या मापाने सुमारे सव्वादोनशे किलो. त्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या लढ्याची हकीगत आहे. गवताचा भाव सांगताना तो कापणाराची मजुरी धरावयाची असते, एवढी साधी गोष्ट मान्य करून घेण्यास त्या माणसांना प्राण द्यावे लागले.

आणि मागे गेलो तर १६७४ च्या मे महिन्यात शिवछत्रपतींनी चिपळूण भागातील लष्करास पाठविलेले पत्र आठवते. पावसाळ्यासाठी कष्टाने जमविलेले गवत जपून वापरा, ते आताच उधळले तर पुढे मिळणार नाही, लागेल ते बाजारातून विकत आणा, कुणब्याच्या घरात हात घालू नका, गंजीला आग लागणार नाही अशी खबरदारी घ्या, असा त्याचा आशय आहे. प्रशासनात काम करणाऱ्याने ते पत्र वर्षातून एकदा तरी वाचावे, असे मला वाटते. राज्यकर्त्याच्या ध्यानात गवत आहे. आणि ते फुकट घ्यावयाचे नसून विकत घ्यावयाचे आहे, हेही ध्यानात आहे.

आता काळाचा प्रश्न. कडबा फाल्गुनात निघतो आणि त्याची खरी गरज लागते ती ज्येष्ठात. या तीन महिन्यांत भाव चढणार हे लहान मुलालाही सांगता येते. तरीही लहान शेतकरी गुढीपाडव्याच्या आतच विकून मोकळा होतो. त्याला उधारी चुकवावयाची असते, लग्न उभे करावयाचे असते. शिवाय गंज राखणे सोपे नाही. वाळवी, उंदीर, वळवाचा पाऊस आणि विस्तवाची ठिणगी, असे चार शत्रू तिच्यावर टपलेले असतात. ज्वारी गोदामात ठेवून तिच्यावर कर्ज काढता येते. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. तिच्या यादीत ज्वारी आहे, मका आहे, बेदाणाही आहे, कडबा नाही. त्याचे कारण उघड आहे. ज्या मालाचे वजन ठरलेले नाही आणि प्रत लिहिलेली नाही, त्यावर बँक पैसे कशाच्या भरवशावर देणार? मग तोच शेतकरी पावसाने ओढ दिली म्हणजे आपणच विकलेला कडबा दुप्पट भावाने परत घेतो, किंवा बैल बाजारात नेतो. त्या दिवशी तर सर्वांनीच बैल आणलेले असतात.

टंचाईत सरकार दोन उपाय करते. पहिला छावण्यांचा. २०१८-१९ च्या दुष्काळात मोठ्या जनावरामागे दिवसाला दिले जाणारे अनुदान मे २०१९ मध्ये शंभर रुपयांवर आणि लहान जनावरामागे पन्नासांवर नेण्यात आले. छावण्यांनी लाखो जनावरे वाचविली, याबद्दल दुमत नसावे. दुसरा उपाय म्हणजे जिल्ह्याबाहेर चारा नेण्यास बंदी. या उपायाबद्दल मात्र माझे मन साशंक आहे. असे आदेश काढणाऱ्यांच्या अडचणी मला परक्या नाहीत. डोळ्यांदेखत ट्रक भरून चालले असताना गप्प बसता येत नाही. पण बंदी होताच गंज राखून ठेवणाऱ्याचा भाव पडतो, आणि शेजारच्या जिल्ह्यातील गोठ्यात तो चढतो. ज्याने वाळवी-उंदरांशी झगडून तीन महिने कडबा राखला, त्यालाच आपण त्या राखण्याचा दंड करतो. पुढल्या वर्षी तो पाडव्यालाच विकील, आणि टंचाई महिनाभर आधी येईल. बंदी घालावयाचीच तर त्याबरोबर सरकारने त्या भागातला चारा ठरलेल्या, रास्त भावाने स्वतः विकत घ्यावा. गुजरातेत वनखाते राखीव विड्यांतील गवत कापून कोठारांत साठविते आणि दुष्काळी वर्षी सवलतीच्या दराने देते. आपल्याकडे तशी कुरणे थोडी. पण सुगीच्या दिवसांत कडबा खरेदी करून ठेवण्यास कुरण लागत नाही, एक शेड आणि एक काटा लागतो.

काट्याची गोष्ट मी मुद्दाम पुन्हा काढतो. बाजार समितीत भुईकाटा असतो, साखर कारखान्यात असतो. कडब्याची रिकामी गाडी आणि भरलेली गाडी एकदा त्यावरून गेली, की पेंढी केवढीही असो, शेकड्याबरोबर किलोचाही भाव फळ्यावर लिहिता येईल. शेकडा मोडण्याची जरूर नाही. माणसे मोजतात तशी मोजू द्यावीत. फळ्यावर मात्र दोन्ही आकडे असावेत, म्हणजे पंचवीस पेंढ्या घ्यावयास आलेल्या बाईला कोणत्या गाडीकडे जावयाचे ते कळेल.